वरच्या खोलीतला घाट

डिंगोऱ्याला रेल्वे नाही. गाडी बघायची तर एका अंगाला पुणं, नाहीतर घाट उतरून कल्याण. तरी आमच्या घराच्या वरच्या खोलीत काही वर्षं एक रेल्वे होती. तिचे डोंगर, पूल, स्टेशन, झाडं आधी आमच्या ह्यांनी केली आणि त्यांचे हात गेल्यावर मी केली. मला रेल्वेचं वेड कधीच नव्हतं. लोक विचारतात, एवढं बारीक काम तुम्हाला कसं जमलं? मी सांगते, ब्लाउज शिवते, बारीक कामाची सवय आहे. त्यापुढचं कुणी विचारत नाही आणि मीही सांगत बसत नाही.

हे भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. आम्ही कासारवाडीला रुळांच्या जवळच भाड्याने राहायचो. मुलगी लहान होती तेव्हा रविवारी तिला कडेवर घेऊन हे कुंपणापाशी उभे राहायचे. दोन गाड्या गेल्या की मुलगी कंटाळायची, घरी चला म्हणून रडायची. ह्यांचा पाय निघत नसे. कोणतं इंजिन, किती डबे, कुठे चाललीय हे ते मला जेवताना सांगायचे आणि मी हं हं करत पोळ्या लाटायची.

पुढे कारखाना दुसरीकडे हलला. जुन्या माणसांना मोकळं केलं. मुलगी तोवर नोकरीला लागली होती, ती पुण्यातच राहिली आणि आम्ही दोघं गावी आलो. शेती धाकटे दीर बघत होते, ती त्यांच्याकडेच ठेवली. मी खालच्या पडवीत शिलाई मशीन मांडलं. ह्यांनी घरावर एक खोली बांधून घेतली, त्यात प्लायवूडचे दोन मोठे तक्ते एकाला एक जोडून लाकडी घोड्यांवर ठेवले.

"हे काय, पंगत वाढायचीय का?" मी विचारलं.

"घाट बांधायचाय," हे म्हणाले. "माळशेजातून रेल्वे येणार, येणार, असं माझा बापबी म्हणायचा. आपण आणू."

त्यांच्या डोक्यात सगळं पक्कं होतं. गाडी कोकणातून वर चढणार, दोन बोगदे, एक कमानींचा पूल, मग पठार, आणि पठारावर डिंगोरे स्टेशन. रूळ आणि इंजिन त्यांनी पुण्याहून आणले. इंजिन म्हणजे माझ्या तळहातावर मावेल एवढं. बाकी सगळं घरी करायचं. थर्माकोलच्या लाद्या कापून एकावर एक चिकटवायच्या, की डोंगराचा सांगाडा होतो. त्यावर वर्तमानपत्राचे गोंदात बुडवलेले तुकडे. त्यावर मेडिकलच्या दुकानात मिळतं ते जाळीचं गॉज, प्लास्टरच्या पाण्यातून काढून अंथरायचं. वाळलं की ते दगडासारखं होतं. मग कोरायचं आणि रंगवायचं. आपल्याकडचा कातळ नुसता काळा नसतो, त्यात तांबूस असतं, पावसाळ्यानंतरचं हिरवट असतं. हे गाडीवर बसून घाटापर्यंत जायचे, फोटो काढायचे, आणि परत येऊन डोंगराची एकच कड तीन-तीनदा रंगवायचे.

मी वैतागलेली असायची. थर्माकोलचे पांढरे मणी घरभर उडायचे. कणकेत यायचे, शिवायला आलेल्या कापडांना चिकटायचे. एका बाईने तर ब्लाउज परत आणून दाखवला, अस्तरात मणी. "अहो, जरा दार लावून बसत जा," मी जिन्यातून ओरडायची. वरून "व्हय व्हय" यायचं आणि दार उघडंच राहायचं.

पहिला बोगदा झाला आणि त्यांच्या हातातून कटर पडायला लागला. उजव्या हातातून. थंडी आहे, बोटं गारठतात, असं ते म्हणाले. उन्हाळ्यातही पडायला लागला तेव्हा काही म्हणाले नाहीत. मग शर्टाचं वरचं बटण लागेना. मी लावून द्यायची. मग सगळी बटणं. अंगठ्याच्या मुळाशी जिथे गुबगुबीत असतं तिथे खड्डा पडला. नारायणगावच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढायला लावला, मानेत काही निघालं नाही, आणि आम्हाला पुण्याला पाठवलं.

पुण्याला आमच्या तीन-चार खेपा झाल्या. सुया टोचून तपासण्या, मोठ्या मशीनमध्ये घालून फिल्म काढल्या. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी मुलीला इंग्रजीत सांगितलं आणि मग आम्हाला मराठीत. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत. हात, मग पाय, मग गिळणं, बोलणं, श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील. औषध आहे, पण त्याने थांबत नाही. हे खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "हात पहिलं जाणार का?" डॉक्टर म्हणाले, "हात तर सुरूच झाले आहेत."

परत येताना भाड्याची गाडी हायवेवरच्या पेठ गावाला चहासाठी थांबवली. नेहमीचं थांबायचं ठिकाण. ह्यांनी दोन घोट घेतले आणि ठसका लागला. साधा ठसका नव्हता. चहा नाकातून आला, चेहरा काळानिळा झाला, आजूबाजूचे लोक उठून उभे राहिले. मी पाठ चोळत होते आणि मला कळत होतं की हे डॉक्टरांनी सांगितलेलंच आहे, आणि ते सांगून अजून दिवसही मावळला नाही. श्वास जागेवर आल्यावर ते गाडीत बसले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "मंचरला थांबायचंय. थर्माकोलची मोठी शीट मिळती तिथं. घाटाची मागची बाजू राहिलीय."

मला भयंकर राग आला. मंचरला ते स्वतः उतरले. शीट काही डिकीत मावेना. ती आडवी करून मागच्या सीटवर आम्हा दोघांच्या मध्ये ठेवली. घरापर्यंत मला त्यांचा चेहरा दिसला नाही. नुसती पांढरी भिंत. गाडी खड्ड्यातून गेली की ती करकरायची.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत दोन्ही हात गेले. पाय अजून होते, पण जिना चढताना तोल जायचा. ते वर जायचेच. वर जाऊन तक्त्यासमोर स्टुलावर बसायचे आणि बघत राहायचे. मी मशीनवर असायची आणि वरून आवाज आला नाही की मला भीती वाटायची, आला तरी वाटायची. एकदा वर गेले तर हे दातांत ब्रश धरून बोगद्याच्या तोंडाला रंग लावत होते. रंग हनुवटीवरून गळ्यात उतरला होता. मी त्यांच्या तोंडातून ब्रश काढून घेतला.

"सांगा," म्हटलं, "कुठं लावायचा ते."

असं ते सुरू झालं. मला ते करायचं नव्हतं. दातांत ब्रश धरलेला माणूस बघवला नाही, म्हणून केलं.

सकाळचं आवरून, त्यांना आंघोळ घालून, भरवून झालं की आम्ही वर जायचो. ते सांगायचे, मी करायची. चहाचा चोथा वाळवून, चाळून पायवाटेची माती केली. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून गवत केलं. झाडांसाठी त्यांनी आधी तार पिळायला सांगितली, ती मला जमेना. मग मीच म्हटलं, धन्याला आलेली कोथिंबीर वाळली की तिचे तुरे हुबेहूब झाडासारखे दिसतात. दिरांच्या शेतात बाजारभाव पडला म्हणून सोडून दिलेला एक वाफा होता. मी दुपारच्या उन्हातच जाऊन तुरे खुडून आणायची. शेजारी ऊस होता, आणि बिबट्याने त्याच महिन्यात दिरांचं कुत्रं नेलं होतं, त्यामुळे ऊन कललं की तिकडे कुणी जात नसे. तुरे गोंदात बुडवून भुशात लोळवले की झाड तयार. ह्यांनी पहिलं झाड बराच वेळ बघितलं. "आंबा वाटतंय," म्हणाले. कौतुकाचं एवढंच. पण त्या दिवशी त्यांनी घासही नीट गिळले.

स्टेशन पुठ्ठ्याचं केलं. भिंतींवर दगडांच्या रेघा मी बोथट सुईने ओढल्या. छपरावर कौलं हवी होती, ती खोक्याच्या वळ्यावळ्यांच्या पुठ्ठ्याची कापली. खिडक्यांना काच हवी होती.

"त्या फिल्मा आण माझ्या," हे म्हणाले.

"कुठल्या?"

"मशीनमधी घालून काढल्याल्या. त्यातली कडंची कापली की काच हुती."

"अहो, रिपोर्ट आहेत ते. दवाखान्यात लागतील."

"आता कुणाला दाखवायचेत?"

मी कपाटातून पाकीट काढलं. डोक्याचे, मानेचे, ओळीने लहान लहान काळे चौकोन. कडेचा भाग पुरला नाही. आतलाही कापावा लागला. स्टेशनात दिवा लावला की तिकीटखिडकीच्या काचेवर राखाडी वळ्या दिसायच्या. ह्यांना त्याचं काही वाटलं नाही. काच जरा धुरकटच हवी, कोळशाच्या काळातलं स्टेशन आहे, म्हणाले. मी मात्र तिकडे बघायचं टाळायची.

पाय गेल्यावर प्रश्न आला. दीर म्हणाले, "वहिनी, दादाला खालीच ठेवा. येणारं-जाणारं भेटंल, तुमालाबी सोपं पडंल." खरंच सोपं पडलं असतं. पण ह्यांनी मान हलवली. तेव्हा मान अजून हलत होती. शेवटी खाट वर नेली, दिरांनी आणि गड्याने त्यांना खुर्चीत बसवून वर चढवलं, आणि त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत ते खाली आलेच नाहीत. पेज, पाणी, भांडी, ओले कपडे, सगळं घेऊन मी त्या जिन्यावरून खाली-वर करायची. भेटायला येणारे कमी झाले. म्हाताऱ्यांना जिना चढवत नसे आणि तरण्यांना वर बसवत नसे. मशीन बंद पडलं. दिवाळीच्या शिलाया मी परत केल्या.

पुलावरून आमचं भांडण झालं. कमानींचा पूल, पुठ्ठ्याचा. मी दोनदा केला, दोनदा त्यांनी मोडायला लावला. तिसऱ्यांदा गोंद वाळल्यावर मी तो जागेवर बसवला आणि खाटेवरून जड जिभेने आवाज आला, "मधला खांब वाकलाय."

"न्हाई वाकला."

"वाकलाय. गाडी पडंल."

त्या दिवशी सकाळी मला त्यांच्या कमरेखाली कातडी लाल झालेली दिसली होती. ती जखम होऊ नये म्हणून मी सकाळपासून त्यांना कुशीवर वळवत होते, पाठ धरली होती माझी. गॉजचा एकच रोल उरला होता आणि तो डोंगराला लावायचा की त्यांना, असा हिशेब मी मनात करत होते. मी म्हणाले, "तुमची कंबर कुजायला लागलीय आणि तुमाला पुलाची पडलीय. मी माणूस हाय का न्हाई? सकाळपासून मी घोटभर च्या पिलेली न्हाई. कोण जाणारंय ह्या पुलावरून? सांगा ना, कोण जाणारंय?"

आणि ते हसायला लागले.

तोंड उघडं, गळ्यातून घरघर आवाज, खांदे हलत होते. थांबेनात. मी बघत राहिले. आयुष्यात त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही, शिवी दिली नाही, पण ते हसणं मला थपडेसारखं लागलं. मी गोंदाचा डबा भिंतीवर फेकला आणि खाली गेले. गोठ्यापलीकडे दगडावर जाऊन बसले. जावेने खिडकीतून बघितलं, पण ती आली नाही. बऱ्याच वेळाने मी वर गेले तेव्हा हसणं थांबलं होतं. गालावर पाणी होतं, लाळ कॉलरवर उतरली होती. डोळे दाराकडे.

"मी हसत नव्हतो," ते म्हणाले.

मला खरं वाटलं नाही. मी त्यांचं तोंड पुसलं, शर्ट बदलला. पुढे मी डॉक्टरांना फोनवर विचारलं तेव्हा कळलं, या दुखण्यात असं होतं. हसू किंवा रडू आपोआप येतं. आत काही वाटत असो नसो, येतं आणि थांबवता येत नाही. डॉक्टरांनी ते अगदी सहज सांगितलं.

त्यानंतर ते हसले की मला कळेनासं झालं. एका रविवारी मुलगी आली होती, त्यांच्या उशाशी बसून ऑफिसातली कसलीतरी गंमत सांगत होती. ते हसायला लागले. मुलीचा चेहरा फुलला. "आई, बघ, बाबा किती हसले!" ती म्हणाली. तीच गंमत तिने त्यांना पुन्हा सांगितली. मी हो म्हटलं आणि भांडी घेऊन खाली गेले. मागून खाली येऊन तिने डोळे पुसले, म्हणाली, किती दिवसांनी हसले गं. मी तिला काही सांगितलं नाही.

पूल मी चौथ्यांदा केला. खांब सरळ आला.

मग बोलणं गेलं. डोळे राहिले. मी विचारायची आणि हो असेल तर ते डोळे मिटायचे, नाही असेल तर उघडे ठेवायचे. या पद्धतीने आम्ही दुसऱ्या डोंगराचा रंग लावला. काळा? मिटले. अजून काळा? उघडे. तांबडा घालू? मिटले. वेळ लागायचा, पण दुसरं करायला होतं काय? गाडी रोज एकदा सोडायची. मी बटण फिरवायची, गाडी पुलावरून जायची, बोगद्यात शिरायची, स्टेशनात थांबायची. डोळे तिच्याबरोबर फिरायचे आणि मला तेवढा वेळ खाली बसता यायचं.

एक दुपार मी विसरू शकत नाही. ते एकटक पहिल्या बोगद्याकडे बघत होते. डोळ्यांत काहीतरी होतं, मला ते कळत होतं. मी उठले.

"बोगद्याचा रंग बदलायचाय?" उघडे.

"तोंड मोठं करायचंय?" उघडे.

"झाड लावू?" उघडे.

"धूर लागल्याला दाखवायचा? काजळी?" उघडे.

रुळात काही अडकलंय का म्हणून मी बोगद्यात बोट घालून बघितलं. गाडी फिरवून दाखवली. बोगद्यावरचा एक कडा खरवडून काढला, कारण मला वाटलं तोच खुपतोय. माझा आवाज चढत गेला. "अहो, मग काय? सांगा ना!" मी म्हणाले, आणि सांगता येत नाही त्या माणसाला मी हे म्हणतेय हे माझ्या लक्षातही आलं नाही. शेवटी थकून मी त्यांच्याजवळ बसले आणि उशी सारखी करायला हात घातला. त्यांचा उजवा कान उशीखाली दुमडून राहिला होता. लालभडक झाला होता, कडेला कातडी सोललेली. ते बोगद्याकडे बघत नव्हतेच. मान तिकडे पडली होती, एवढंच. मी मान सरळ केली. त्यांनी डोळे मिटले आणि कितीतरी वेळ मिटलेलेच ठेवले.

त्यानंतर मी आधी अंगाचं विचारायची. कान, टाच, पाठ, लघवी. मग डोंगर.

थंडीत छातीत कफ झाला. गळ्याला भोक पाडून नळी घालायची नाही, हे त्यांनी बोलता येत होतं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. मुलीला ते पटलेलं नव्हतं. ती फोनवर म्हणत होती, आई, तू त्यांना आधी दवाखान्यात तर ने, मी निघालेय. दिरांनी जीप बोलावली. खुर्चीतून खाली उतरवताना जिन्यात त्यांचा पाय कठड्याला आपटला आणि दीर एकदम रडायला लागले. जीपमध्ये माझ्या मांडीवर डोकं होतं. ओतूरचा दवाखाना यायच्या आधीच श्वास थांबला. दोनदा वाटलं पुन्हा आला, पण तो रस्त्याचा हादरा होता. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि गाडी हळू केली. "भाऊ, वळवू का माघारी?" त्याने दिरांना विचारलं. दीर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, वळवा.

दहाव्याला आलेले पाहुणे एकेक करून वर जाऊन रेल्वे बघून आले. ज्यांना जिना चढवत नव्हता तेही चढले. "लई भारी केलंय पावण्यांनी," असं म्हणत खाली यायचे. कुणीतरी बटण फिरवलं, इंजिन तक्त्यावरून खाली पडलं आणि त्याचं एक चाक निघालं. माझ्या नणंदेने एक झाड उपटून पदरात आणलं, हे कसलं गं म्हणून विचारायला. धन्याचं, मी सांगितलं. स्टेशनामागची टेकडी अर्धवटच होती, वर्तमानपत्रं तशीच उघडी, बातम्या वाचता येत होत्या. कुणी विचारलं, आता हे पुरं कोण करणार? कुणी म्हणालं, वहिनींना येतं की. मी पुन्हा हात लावणार नाही हे मला माहीत होतं.

पावसाळ्यात स्लॅब गळला. पाणी नेमकं घाटावर. कागदाचे थर फुगले, प्लास्टरला बुरशी आली, खोलीला कोंदट वास यायला लागला. मुलीने कुठूनतरी पुण्यातला एक माणूस शोधला, त्याला असल्या रेल्वेचा नाद होता. तो त्याची हत्यारं घेऊन आला. सभ्य होता. आल्या आल्या ह्यांच्या फोटोला नमस्कार केला. मग तक्त्याभोवती फिरला, वाकून पुलाच्या खालून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"ताई, हा पूल कोणी केला?"

"मी."

"फार सुरेख आहे." मग तो थोडा घुटमळला. "पण मी रूळ, इंजिनं आणि डबे नेईन. डोंगर वगैरे नाही नेता येणार. ते तक्त्यालाच चिकटलेलं असतं, उचललं की तुटतं. आणि रूळ काढायचे तर कडेचं सगळं फोडावं लागेल. तुमची हरकत नसेल तरच."

"तुम्ही नका फोडू," मी म्हटलं. "मी देते मोकळं करून."

तो म्हणाला, तुम्हाला त्रास होईल, तुम्ही खाली बसा. मी ह्यांच्या पेटीतून पटाशी आणि हातोडी काढली. पहिल्यांदा स्टेशन. ते एका हिसक्यात निघालं, पुठ्ठाच तो, हातात चुरगळला. मग पूल. मग दुसरा डोंगर, डोळ्यांच्या खुणेने रंगवलेला. पटाशी खाली घातली की मोठाले पापुद्रे निघून यायचे, आत पिवळं पडलेलं गॉज, थर्माकोल. माझं काम सगळं भराभर निघालं. मला घाम आला होता, पण रडू आलं नाही. उलट अंगात कसलातरी जोर आला होता. मी हातोडी गरजेपेक्षा जोरात मारत होते हे मला कळत होतं आणि त्या माणसालाही. तो मागे भिंतीला टेकून उभा राहिला.

पहिला बोगदा मात्र निघेना. तो ह्यांनी हात धड असताना केलेला. प्रत्येक थर ठासून चिकटवलेला, आतून लाकडी पट्ट्या ठोकलेल्या. पटाशी घसरली आणि माझ्या अंगठ्याला लागली. मग त्या माणसाने पुढे येऊन करवत घातली. तो कापत होता आणि मी तक्ता हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला होता. त्याला बराच वेळ लागला. कापून झाल्यावर तो म्हणाला, "काम पक्कं होतं हो त्यांचं." मी हो म्हटलं.

त्याला चहा दिला. तो खोक्यात रूळ भरून अंधार पडायच्या आत निघून गेला. दिरांनी गड्याला घेऊन तक्ते खाली उतरवले. मोडलेलं प्लास्टर मी शेताच्या बांधाला टाकणार होते. दीर म्हणाले, वहिनी, रानात नको, माती खराब हुईल. मग पोत्यांत भरून त्यांनी ते रस्त्याच्या कामासाठी खणलेल्या खड्ड्यात नेऊन टाकलं. मी खोली धुऊन काढली. हिरवा भुसा फटीफटीत गेला होता, तो तीन वेळा धुतला तरी निघत होता.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"झालं का सगळं?"

"झालं."

"स्टेशन तरी ठेवलंस ना?"

"न्हाई."

"आई! एखादं झाड तरी ठेवायचंस."

"ठेवलं असतं तर रोज पुसावं लागलं असतं," मी म्हटलं.

मला वाटलं ती रडतेय, पण रडत नव्हती. मग तिने विचारलं, जेवलीस का? मी म्हटलं, जेवले. चूल अजून पेटवलेली नव्हती. अंगठ्याला चिंधी बांधली होती, ती ओली झाली होती. ती सोडून दुसरी बांधावी म्हणून मी गॉज शोधायला उठले. घरात एकही रोल शिल्लक नव्हता. मशीनच्या खणात अस्तराचे तुकडे होते, त्यातला एक घेतला आणि दातांनी गाठ मारली.